घूर्णी एंजिन व स्पोर्ट्‌स मोटारगाड्या

ज्या अंतर्ज्वलन-एंजिनात इंधनाच्या ज्वलनाने निर्माण होणारा दाब सिलिंडरात मागेपुढे सरकणाऱ्या दट्ट्यावर न पडता कोशात सतत फिरत राहणाऱ्या घूर्णकावर पडतो, त्यास घूर्णी एंजिन म्हणतात. पहिल्या महायुद्धातील काही विमानांत सिलिंडरांचा सर्व संच स्थिर दंडाभोवती फिरत असे व त्या एंजिनांनाही घूर्णी असेच नाव होते. परंतु त्यांत दट्टे होतेच. येथे विचार केला आहे तो जर्मन संशोधक फेलिक्स वांकेल (१३ ऑगस्ट १९०२–९ ऑक्टोबर १९८८) यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, त्रिकोणी घूर्णकाच्या एंजिनाचा. हे एंजिन १९५७ मध्ये प्रथम चालले. त्यानंतरच्या सु. पंधरा वर्षांत जगातील वीसहून अधिक कंपन्यांनी त्याचे परवाने घेतले आणि दट्ट्याच्या एंजिनाचे दिवस भरले, असे अनेक जाणकारांना वाटू लागले. प्रत्यक्षात सर्वसाधारण मोटारगाडीत ते रुजले नाही. स्पोर्ट्‌स गाडीत मात्र ते दीर्घकाळ टिकले. असे का झाले, याचे उत्तर त्याच्या रचनेतच आहे. या एंजिनाचे गुण एका कारणाने व दोष दुसऱ्या कारणाने आलेले नाहीत. दोन्ही एकाच भूमितीतून आलेले आहेत. त्यामुळे गुण ठेवून दोष काढून टाकणे हे काम वाटले होते त्यापेक्षा फार कठीण ठरले.

रचना व कार्य : एंजिनाचा कोश आतून मध्यभागी किंचित आवळलेल्या लंबवर्तुळासारखा असतो. या वक्राला एपिट्रोकॉइड म्हणतात. कोशात फुगीर बाजूंचा त्रिकोणी घूर्णक बसविलेला असतो. घूर्णकाची तिन्ही टोके कोशाच्या आतील पृष्ठाला सतत स्पर्श करीत फिरतात व त्यामुळे घूर्णक आणि कोश यांमध्ये तीन स्वतंत्र कप्पे तयार होतात. घूर्णक फिरेल तसतसे प्रत्येक कप्प्याचे घनफळ वाढते व घटते आणि त्यात इंधन-हवा मिश्रणाचे चूषण, संपीडन, ज्वलन-प्रसरण व निष्कास या चार क्रिया क्रमाने घडतात. एका कप्प्यात चूषण चालू असताना दुसऱ्यात संपीडन व तिसऱ्यात प्रसरण चालू असते. मिश्रण आत येण्याची व जळलेले वायू बाहेर जाण्याची द्वारे घूर्णक स्वतःच उघडतो आणि झाकतो. त्यामुळे झडपा, त्यांच्या स्प्रिंगा व त्या उघडणारा कॅमदंड यांची गरजच राहत नाही.

घूर्णक ज्या उत्केंद्री दंडावर बसलेला असतो, तो दंड घूर्णकाच्या एका फेऱ्यात तीन फेरे करतो. घूर्णकाच्या आतील दंतचक्र व कोशावरील स्थिर दंतचक्र यांच्या दात्यांचे प्रमाण ३ : २ असे ठेवून ही गती साधली जाते. परिणामी दंडाच्या प्रत्येक फेऱ्याला प्रत्येक घूर्णकाकडून एक शक्तिदायी धक्का मिळतो. चार-धावी दट्ट्या-एंजिनातील एका सिलिंडराकडून तो दोन फेऱ्यांत एकदाच मिळतो [⟶ अंतर्ज्वलन-एंजिन]. शिवाय दट्ट्या-एंजिनात प्रसरणाची धाव दंडाच्या १८०° भ्रमणात संपते, तर येथे ती २७०° पर्यंत चालते. म्हणून दोन घूर्णकांचे एंजिनही अतिशय सलग व गुळगुळीत चालते. अशा एंजिनात मुख्य हलते भाग तीनच असतात : दोन घूर्णक व एक दंड. मागेपुढे होणारे वस्तुमान नसल्यामुळे समतोल-वजने लावून कंपने जवळजवळ नाहीशी करता येतात आणि एंजिन फार वेगाने फिरविता येते.

या गुणांची किंमत ज्वलनकक्षाच्या आकारात मोजावी लागते. दट्ट्या-एंजिनाचा ज्वलनकक्ष आटोपशीर व एकाच जागी असतो. घूर्णी एंजिनातील कक्ष लांबट, पातळ व सतत पुढे सरकणारा असतो. घनफळाच्या मानाने त्याचे पृष्ठफळ मोठे असल्यामुळे उष्णतेचा बराच भाग धातूच्या भिंतीत मुरतो व भिंतीलगतचे मिश्रण न जळताच राहते. ज्योत घूर्णकाच्या गतीच्या दिशेने चटकन पसरते, पण मागील कोपऱ्यापर्यंत उशिरा पोहोचते. म्हणून बहुतेक एंजिनांत प्रत्येक घूर्णकासाठी दोन ठिणगी गुडद्या बसवाव्या लागतात. दुसरी अडचण कप्पे एकमेकांपासून अलग ठेवण्याची. दट्ट्यावरील कड्या सिलिंडराच्या भिंतीला पृष्ठभागाने टेकतात, तर घूर्णकाच्या टोकांवरील गळतीरोधक पट्ट्या कोशाला केवळ एका रेषेत टेकतात आणि त्यांचा टेकण्याचा कोनही क्षणाक्षणाला बदलतो. या पट्ट्यांना वंगण मिळावे म्हणून थोडे तेल मुद्दाम ज्वलनकक्षात सोडावे लागते व ते जळून जाते. तिसरी गोष्ट अशी की, कोशाच्या एका बाजूस नेहमी चूषण व दुसऱ्या बाजूस नेहमी ज्वलन होत असल्यामुळे एक बाजू कायम थंड व दुसरी कायम तप्त राहते आणि कोश वाकडा होण्याचा धोका संभवतो.

प्रारंभीचा इतिहास : वांकेल यांनी घूर्णी यंत्राचे पहिले एकस्व १९२९ मध्ये मिळविले होते, तथापि घूर्णी झडपा व गळतीरोधन या विषयांवर दीर्घकाळ काम केल्यानंतरच त्यांना एंजिनाचा मार्ग सापडला. १९५१ मध्ये त्यांचा नेकार्झुल्म येथील एन्‌एस्‌यू या मोटारसायकली तयार करणाऱ्या कंपनीशी संबंध आला. तेथे बनविलेले पहिले प्रायोगिक एंजिन १ फेब्रुवारी १९५७ रोजी चालले. त्यात घूर्णकाबरोबर त्याभोवतीचा कोशही फिरत असे. ही योजना समतोलाच्या दृष्टीने उत्कृष्ट असली, तरी ठिणगी गुडद्या बदलण्यासाठीही एंजिन उघडावे लागे. कंपनीतील अभियंते हान्स डीटर पाश्के यांनी कोश स्थिर ठेवून फक्त घूर्णक फिरविणारी सोपी रचना तयार केली व ती १९५८ मध्ये चालू झाली. वांकेल यांना हा बदल रुचला नाही. परंतु पुढे जगभर प्रसार झाला तो याच रचनेचा.

घूर्णी एंजिन बसविलेली विक्रीची पहिली मोटारगाडी ही स्पोर्ट्‌स गाडीच होती. एन्‌एस्‌यूने १९६३ च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात ‘स्पायडर’ ही दोन आसनांची उघडी गाडी मांडली व १९६४ पासून तिची विक्री सुरू केली. तिच्या मागील भागात ४९७·५ घ. सेंमी. कप्प्याचे एका घूर्णकाचे, ५० अश्वशक्तीचे एंजिन होते. १९६७ पर्यंत अशा २,३७५ गाड्या तयार झाल्या. संख्या अल्प असली, तरी सामानाच्या कप्प्याखाली दडून राहील इतके लहान एंजिन गाडीला चांगला वेग देऊ शकते, हे तिने दाखवून दिले. १९६७ मध्ये त्याच कंपनीने ‘आरओ ८०’ ही मोठी कौटुंबिक गाडी बाजारात आणली. तिचे दोन घूर्णकांचे एंजिन ११५ अश्वशक्तीचे होते आणि १९६८ ची यूरोपातील सर्वोत्तम गाडी म्हणून तिचा गौरव झाला. परंतु टोकांच्या पट्ट्या लवकर झिजू लागल्या. थंड एंजिनावर होणारे छोटे प्रवास त्यांना विशेष मानवत नसत. हमीच्या मुदतीत कंपनीला असंख्य एंजिने विनामूल्य बदलून द्यावी लागली. १९६९ मध्ये फोक्सव्हागेन समूहातील आउटो युनियनमध्ये एन्‌एस्‌यूचे विलीनीकरण झाले व तिचे स्वतंत्र अस्तित्व संपले. आरओ ८० चे उत्पादन १९७७ मध्ये थांबले, तोवर सु. ३७,००० गाड्या तयार झाल्या होत्या.

हिरोशिमातील प्रयत्न : जपानमधील तोयो कोग्यो (१९८४ पासून माझदा मोटर कॉर्पोरेशन) ही कंपनी त्या काळी तीनचाकी मालवाहू व लहान मोटारगाड्या बनवीत असे. देशातील मोटार उद्योग मोजक्या मोठ्या गटांत एकत्र करण्याचा विचार जपानी शासन करीत होते. आपले वेगळेपण सिद्ध केले नाही, तर आपण कोणाच्या तरी पोटात जाऊ, अशी भीती कंपनीचे अध्यक्ष त्सुनेजी मात्सुदा यांना वाटत होती. १९६० मध्ये त्यांनी जर्मनीस जाऊन एन्‌एस्‌यूशी बोलणी केली व १९६१ मध्ये परवाना मिळविला. १९६३ मध्ये केनिची यामामोतो (१९२२–२०१७) यांच्या नेतृत्वाखाली ४७ अभियंत्यांचा स्वतंत्र संशोधन विभाग स्थापण्यात आला.

या अभियंत्यांसमोरील मुख्य प्रश्न पट्ट्यांचाच होता. काही काळ चालविलेले एंजिन उघडले की, कोशाच्या क्रोमियमचा मुलामा दिलेल्या आतील पृष्ठावर ओळीने उमटलेले ओरखडे दिसत. त्यांना तेथे ‘सैतानाच्या नखांच्या खुणा’ असे नाव पडले होते. पट्टी कोशावरून सरकताना तिच्या नैसर्गिक कंप्रतेने थरथरते व त्यामुळे हे ओरखडे पडतात, असे निदान झाले. पट्टीत आडवी-उभी छिद्रे पाडून तिची कंप्रता बदलताच ओरखडे थांबले. त्यानंतर कार्बनात ॲल्युमिनियम मुरवून बनविलेल्या पट्ट्या उत्पादनासाठी निवडण्यात आल्या. एन्‌एस्‌यूने गाडी आधी विकली व दोष नंतर शोधले. हिरोशिमात क्रम उलटा होता. दोन्ही कंपन्यांच्या पुढील इतिहासातील फरक पुष्कळसा येथूनच सुरू होतो.

३० मे १९६७ रोजी ‘कॉस्मो स्पोर्ट’ ही दोन आसनांची गाडी विक्रीस आली. दोन घूर्णकांचे एंजिन असलेली ही विक्रीची पहिली गाडी होय. प्रत्येकी ४९१ घ. सेंमी. कप्प्याच्या दोन घूर्णकांपासून मिनिटाला ७,००० फेऱ्यांवर ११० अश्वशक्ती मिळे. १९६८ मधील सुधारित गाडीत ती १२८ झाली. १९७२ पर्यंत बाराशेहूनही कमी गाड्या तयार झाल्या. मात्र या गाडीचा हेतू नफ्यापेक्षा विश्वास मिळविणे हा अधिक होता. ऑगस्ट १९६८ मध्ये जर्मनीतील न्यूर्बुर्गरिंग मार्गावरील ८४ तासांच्या सहनशक्तीच्या शर्यतीत दोन कॉस्मो उतरविण्यात आल्या. एक ८२ व्या तासात बाद झाली व दुसरीने चौथा क्रमांक मिळविला. टिकाऊपणाविषयी शंका घेणाऱ्यांना यापेक्षा चांगले उत्तर देता आले नसते.

या एंजिनाच्या भूमितीचा एक फायदा कारखान्याच्या दृष्टीनेही महत्त्वाचा होता. घूर्णकाची त्रिज्या १०५ मिमी. व उत्केंद्रता १५ मिमी. कायम ठेवून केवळ जाडी ६० मिमी.वरून ७० व ८० मिमी. केली की, कप्प्याचे घनफळ ४९१ वरून अनुक्रमे ५७३ व ६५४ घ. सेंमी. होई. तीच यंत्रसामग्री वापरून लहानमोठी एंजिने तयार करता येत. पुढील चार दशकांतील माझदाच्या बहुतेक घूर्णी एंजिनांचे आकार या मापांतूनच आले आहेत.

इतर कंपन्यांचे प्रयोग : या काळात अनेक मोठ्या कंपन्यांना घूर्णी एंजिनाचे आकर्षण वाटले व त्यांचे नमुने बहुधा स्पोर्ट्‌स गाड्यांचेच होते. मर्सिडीज-बेंझने १९६९ मध्ये तीन घूर्णकांची, २८० अश्वशक्तीची ‘सी १११’ व १९७० मध्ये तिचीच चार घूर्णकांची, ३५० अश्वशक्तीची आवृत्ती प्रदर्शित केली. दुसरीचा वेग ताशी ३०० किमी.च्या घरात होता. इच्छुक ग्राहक असूनही कंपनीने ती विक्रीस आणली नाही. इंधनाचा खप व निष्कास वायूंचे नियम यांची खात्री तिला वाटत नव्हती. अमेरिकेतील जनरल मोटर्सने १९७० मध्ये पाच कोटी डॉलरना परवाना घेण्याचा करार केला व दोन आणि चार घूर्णकांच्या प्रायोगिक ‘कॉर्व्हेट’ गाड्या १९७३ मध्ये दाखविल्या. पण १९७४ मध्ये उत्पादनाचा बेत पुढे ढकलला व नंतर तो सोडूनच दिला. फ्रान्समधील सीत्रोएनने १९७३ मध्ये ‘जीएस बिरोटोर’ ही गाडी आणली. तिचे उत्पादन साडेआठशेच्या आत थांबले व सुटे भाग पुरविण्याची जबाबदारी टाळण्यासाठी विकलेल्या गाड्या परत विकत घेऊन मोडण्याचा प्रयत्न कंपनीने केला.

तेलसंकट : ऑक्टोबर १९७३ मध्ये सुरू झालेल्या तेलसंकटाने घूर्णी एंजिनाच्या दोषांचा क्रमच बदलला. तोवर पट्ट्यांचा टिकाऊपणा हा मुख्य प्रश्न होता. आता इंधनाचा खप हा झाला. निष्कास वायूंच्या बाबतीत हे एंजिन विचित्र होते. ज्वलनाचे तापमान तुलनेने कमी असल्यामुळे नायट्रोजन ऑक्साइडे कमी निर्माण होत, पण न जळलेली हायड्रोकार्बने पुष्कळ असत. माझदाने ती निष्कास नळीलगतच्या तप्त कक्षात जाळण्याची युक्ती योजिली. या कक्षातील आग पेटती राहावी म्हणून मिश्रणात इंधनाचे प्रमाण जास्त ठेवावे लागे. म्हणजे हवा स्वच्छ राहण्याचा भुर्दंड पेट्रोलच्या रूपाने पडे. पेट्रोल स्वस्त होते तोवर हे खपून गेले. १९७४ च्या सुमारास अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने प्रसिद्ध केलेल्या आकड्यांत शहरी वापरात या गाड्या गॅलनला सु. ११ मैल, म्हणजे लिटरला पाच किमी.हूनही कमी, धावत असल्याचे दिसले. कंपनीने आकड्यांना आक्षेप घेतला, पण विक्री कोसळली.

तोयो कोग्यो दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आली. सुमितोमो बँकेने व्यवस्थापनात लक्ष घालून तिला सावरले. कारखान्यातील हजारो कर्मचाऱ्यांना विक्रेत्यांकडे गाड्या विकण्यासाठी पाठविण्यात आले. १९७७ मध्ये मात्सुदा घराण्याकडील अध्यक्षपद गेले. या संकटातून निघालेला धडा सरळ होता. कुटुंबाच्या गाडीत किंवा मालवाहू गाडीत या एंजिनाच्या गुणांना फारसे मोल नाही व दोषांना फार आहे. ज्या गाडीत ग्राहक इंधनाच्या खर्चाआधी एंजिनाचे वजन, आकार व वेग पाहतो, त्याच गाडीत ते शोभते. त्याच वेळी इंधनाचा खप सु. ४० टक्क्यांनी घटविण्याचे उद्दिष्ट ठेवून ‘फीनिक्स’ योजना हाती घेण्यात आली.

आरएक्स-७ : मार्च १९७८ मध्ये जपानमध्ये विक्रीस आलेली ‘सव्हाना आरएक्स-७’ हे या धड्याचे फळ होय. तिच्यातील ५७३ घ. सेंमी. कप्प्याच्या दोन घूर्णकांचे एंजिन इतके आखूड व बुटके होते की, ते पुढील आसाच्या मागे बसविता आले. त्यामुळे गाडीचे वजन पुढील व मागील चाकांवर जवळजवळ समान विभागले गेले, गुरुत्वमध्य खाली आला व बॉनेट उतरते ठेवता आले. घूर्णी एंजिनाचा खरा फायदा केवळ शक्तीत नसून एंजिनाच्या स्थानात आहे, हे या गाडीने स्पष्ट केले. वळणावर गाडी चटकन दिशा बदलते, ती पुढील भागात जड एंजिन नसल्यामुळे. पहिल्या पिढीच्या सु. ४ लाख ७१ हजार गाड्या तयार झाल्या. १९८५ मध्ये दुसरी व १९९१ च्या अखेरीस तिसरी पिढी आली. तिन्ही पिढ्या मिळून २००२ पर्यंत आठ लाखांहून अधिक गाड्या बनल्या. घूर्णी एंजिनाच्या दुसऱ्या कोणत्याही स्पोर्ट्‌स गाडीला एवढे यश मिळाले नाही.

तिसऱ्या पिढीत ६५४ घ. सेंमी. कप्प्याच्या दोन घूर्णकांना क्रमाने कार्यान्वित होणारे दोन टर्बोचार्जर (निष्कास वायूंच्या जोराने हवा दाबून भरणारी यंत्रे) जोडलेले होते व प्रारंभी २५५ अश्वशक्ती मिळे. घूर्णी एंजिनाचे निष्कास वायू अतिशय तप्त व जोरकस असल्यामुळे टर्बोचार्जर त्याला उत्तम मानवतो. तथापि तीच उष्णता बॉनेटखालील रबरी नळ्या व जोड कडक करी आणि शीतन व्यवस्थेत थोडी उणीव राहिली, तरी पट्ट्यांना व कोशाला इजा पोहोचे. म्हणजे येथेही गुण व दोष यांचा उगम एकच होता.

आकारमानाचा वाद व शर्यती : घूर्णी एंजिनाचे आकारमान कसे मोजावे, हा प्रश्न केवळ तात्त्विक नव्हता, कर व शर्यतींचे वर्ग त्यावर अवलंबून होते. ६५४ घ. सेंमी. कप्प्याच्या दोन घूर्णकांचे एंजिन उत्पादक १,३०८ घ. सेंमी.चे म्हणतात, म्हणजे प्रत्येक घूर्णकाचा एकच कप्पा धरतात. पण चार-धावी एंजिनाप्रमाणे दंडाच्या दोन फेऱ्यांचा हिशेब केला, तर ते २,६१६ घ. सेंमी.चे ठरते आणि घूर्णकाच्या तिन्ही बाजू मोजल्या, तर ३,९२४ घ. सेंमी.चे. जपानमध्ये कर आकारण्यासाठी १·५ हा गुणक लावला गेला. आंतरराष्ट्रीय शर्यतींत आधी २ व नंतर १·८ हा गुणक वापरात आला. ‘लहान एंजिन, प्रचंड शक्ती’ ही या एंजिनाची ख्याती काही अंशी मोजणीच्या पद्धतीमुळे झाली आहे, हे मान्य केले पाहिजे. वजन व बाह्य आकार यांच्या तुलनेत मिळणारी शक्ती मात्र वादातीत आहे.

शर्यतीत हे गुण पूर्णपणे उपयोगी पडत. १९७९ मध्ये डेटोना येथील २४ तासांच्या शर्यतीत आरएक्स-७ ने पहिल्याच खेपेस आपला वर्ग जिंकला. १९८१ मध्ये बेल्जियममधील स्पा येथील २४ तासांच्या शर्यतीत टॉम वॉकिनशॉ व प्येर द्यदॉने यांनी तिच्यातून सर्वप्रथम क्रमांक मिळविला. सर्वांत मोठे यश २२–२३ जून १९९१ रोजी फ्रान्समधील ल माँ येथे लाभले. ‘७८७बी’ या गाडीत चार घूर्णकांचे, सु. ७०० अश्वशक्तीचे एंजिन होते. प्रत्येक घूर्णकाला तीन ठिणगी गुडद्या, चालू असताना लांबी बदलणाऱ्या चूषण-नळ्या व सिरॅमिक पट्ट्या ही त्याची वैशिष्ट्ये होत. फोल्कर वाइडलर, जॉनी हर्बर्ट व बेर्ट्राँ गाशो यांनी चालविलेल्या या गाडीने ३६२ फेऱ्या पूर्ण करून शर्यत जिंकली. जपानी कंपनीचा ल माँ येथील हा पहिला विजय होय. नियमानुसार तिला ८३० किग्रॅ. वजन चालत होते, तर मर्सिडीज व जग्वार यांना १,००० किग्रॅ. भरावे लागले, ही सवलत महत्त्वाची होती. आघाडीवरील मर्सिडीज अखेरच्या टप्प्यात तापून बंद पडली, हेही खरे. परंतु अधाशीपणाबद्दल प्रसिद्ध असलेल्या एंजिनाने, प्रत्येक गाडीचा इंधनसाठा मर्यादित असलेल्या शर्यतीत २४ तास निर्दोष काम केले, ही गोष्ट सवलतीने वा नशिबाने घडत नाही. या विजयामुळे घूर्णी एंजिनावर बंदी आली, असे पुष्कळदा सांगितले जाते, ते बरोबर नाही. ३·५ लिटरच्या दट्ट्या-एंजिनांचा नवा नियम आधीच ठरलेला होता. १९९१ हे संक्रमणाचे वर्ष होते.

आरएक्स-८ व अखेर : २००३ मध्ये आलेल्या ‘आरएक्स-८’ गाडीत निष्काशाची द्वारे कोशाच्या परिघावरून काढून बाजूच्या भिंतीत नेण्यात आली. त्यामुळे चूषण व निष्कास यांची द्वारे एकाच वेळी उघडी राहणे बंद झाले, न जळलेली हायड्रोकार्बने घटली आणि टर्बोचार्जरशिवाय मिनिटाला ८,५०० फेऱ्यांवर २५० अश्वशक्ती मिळू लागली. २००३ मध्ये या एंजिनाला जगातील सर्वोत्तम एंजिनाचा पुरस्कार लाभला. तरीही इंधनाचा व तेलाचा खप जास्तच राहिला, कमी वेगाला एंजिनाची ओढ अपुरी पडे व थंड एंजिन चालू करून लगेच बंद केल्यास ठिणगी गुडद्या पेट्रोलने भिजून ते पुन्हा चालू होत नसे. निष्कास वायूंच्या कडक नियमांमुळे २०१० मध्ये यूरोपातील विक्री थांबली व जून २०१२ मध्ये उत्पादन संपले. त्याबरोबर घूर्णी एंजिनावर चाके फिरविणाऱ्या मोटारगाड्यांची ४८ वर्षांची उत्पादन-परंपरा खंडित झाली.

गुणदोषांचे मूल्यमापन : लहान आकार, कमी वजन, कंपनरहित चाल, उच्च वेग व मोजके भाग हे घूर्णी एंजिनाचे गुण होत. इंधन व तेल यांचा जास्त खप, पट्ट्यांची झीज, न जळलेली हायड्रोकार्बने, कमी वेगाला अपुरी ओढ व शीतनाची निकड हे त्याचे दोष होत. स्पोर्ट्‌स गाडीच्या मालकाला पहिल्या यादीतील प्रत्येक गोष्ट हवी असते व दुसऱ्या यादीतील बऱ्याच गोष्टी तो सहन करू शकतो : गाडी वर्षाला थोडेच अंतर धावते, एंजिन बहुधा वरच्या वेगात चालते व देखभाल आस्थेने होते. परंतु निष्कास वायूंचे नियम मालकाच्या आवडीनिवडी पाहत नाहीत. हौशी ग्राहकाने जे दोष पदरात घेतले होते, तेच कायद्याने नाकारले. दरम्यान दट्ट्या-एंजिनही स्थिर राहिले नव्हते. प्रत्येक सिलिंडरास चार झडपा, इलेक्ट्रॉनीय नियंत्रण व इंधनाचे थेट अंतःक्षेपण यांमुळे ते हलके, वेगवान व काटकसरी झाले. त्यामागे सबंध जगाच्या उद्योगाचे संशोधन होते. घूर्णी एंजिनामागे १९८० नंतर मोटार उद्योगात मुख्यतः एकच कंपनी उभी होती. दोघांच्या स्पर्धेचा निकाल केवळ भूमितीने लावला, असे म्हणता येत नाही.

नंतरची वाटचाल : जेथे एंजिन एकाच ठरावीक वेगाने चालते व वजन-आकारास फार महत्त्व असते, तेथे या एंजिनाचे बरेच दोष सौम्य होतात. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथील वाहन संशोधन व विकास आस्थापना आणि बंगळूरमधील दोन वैमानिकीय संस्था यांच्या सहकार्याने तयार झालेल्या ५५ अश्वशक्तीच्या वांकेल एंजिनावर ‘निशांत’ हे वैमानिकरहित विमान २००९ मध्ये उडाले, ते याच कारणाने. माझदानेही २०२३ मध्ये ‘एमएक्स-३०’ या विद्युत् गाडीत ८३० घ. सेंमी.चे एका घूर्णकाचे एंजिन बसविले. ते चाके न फिरविता केवळ विद्युत् जनित्र चालविते. त्यात इंधन थेट कप्प्यात सोडले जाते व टोकांच्या पट्ट्या पूर्वीपेक्षा जाड, म्हणजे २·५ मिमी. केल्या आहेत. त्याच वर्षी टोकिओच्या प्रदर्शनात कंपनीने दोन घूर्णकांचे जनित्र-एंजिन असलेल्या स्पोर्ट्‌स गाडीचा नमुना मांडला. स्पोर्ट्‌स गाडीतून सुरू झालेले हे एंजिन पुन्हा तिच्यात आले, तरी त्याचे काम बदललेले असेल : वेग देणारी मोटर विजेची व तिला वीज पुरविणारा घूर्णक. वांकेल यांच्या भूमितीतील लहान आकार व शांत चाल हे गुण तेथे उपयोगी पडतात, आणि वेग सतत बदलावा लागत नसल्याने तिच्या दोषांना कमी वाव राहतो.